पूर्ण गणवेशात उपस्थित राहावे

शाळेकडून येणाऱ्या सूचनांमध्ये सर्वांत धाडसी वाक्य कोणतं असेल, तर ते हे: 'उद्या सर्व स्काउट व गाइड विद्यार्थ्यांनी पूर्ण गणवेशात उपस्थित राहावे.' सहलीची सूचना परवडली, तिथं नुसते पैसे मागतात. फीची सूचनाही परवडली, ती भरली की निदान विषय मिटतो. पूर्ण गणवेश हा न मिटणारा विषय आहे. ही सूचना पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साधारण रात्री साडेनऊला येऊन पडते, म्हणजे शिंप्याचं शटर खाली आल्यावर आणि मूल झोपायच्या बेतात असताना. पुढच्या पाच मिनिटांत ग्रुप जागा होतो.

'टोपी पण लागणार का?'

'पूर्ण म्हटलंय ना.'

'गेल्या वर्षीचा पट्टा चालेल का? बक्कल निघालंय पण.'

'वॉगल म्हणजे काय?'

या शेवटच्या प्रश्नाला एक आई नुसता अंगठा दाखवते. ते उत्तर नसतं, पण आपण एकटेच अडाणी नाही एवढं विचारणाऱ्याला कळतं. मग कुणीतरी लिहितं, 'आमच्याकडे सगळं दोन-दोन आहे, हवं असेल तर सांगा.' असं एक घर प्रत्येक ग्रुपात असतं. त्या घराबद्दल बाकीच्यांना आदर असतो, प्रेम नसतं.

आता 'पूर्ण' म्हणजे किती, ते एकदा पाहून घेऊ. भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या नियमाप्रमाणे स्काउटला स्टील ग्रे, म्हणजे आपल्या भाषेत करड्या रंगाचा शर्ट लागतो. त्याला दोन खिसे आणि खांद्यांवर पट्ट्या. खाली नेव्ही ब्लू हाफ किंवा फुल पँट. डोक्यावर त्याच रंगाची बेरेट, तिच्यावर संस्थेचं चिन्ह. गळ्यात पथकाच्या रंगाचा त्रिकोणी स्कार्फ, ज्याच्या दोन बाजू 70 ते 80 सेंटीमीटर भराव्यात. स्कार्फ आवळायला वॉगल. कमरेला संस्थेचं बक्कल असलेला पट्टा. काळे मोजे, काळे बूट. डाव्या खिशावर सदस्यत्वाचा हिरवा-पिवळा बॅज, उजव्या खिशावर जागतिक संघटनेचा जांभळा बॅज. बाहीवर संघाचं चिन्ह, आणि दोरीला शिट्टी. हे सगळं एकाच वेळी, एकाच मुलाच्या अंगावर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी असायला हवं.

असा पूर्ण गणवेशातला स्काउट मी फक्त गणवेशाच्या दुकानातल्या तक्त्यावर पाहिला आहे. तो हसतमुख आहे, त्याच्या पँटची इस्त्री कडक आहे आणि तो जागचा हलत नाही. त्याचं वॉगल टिकलं आहे ते त्यामुळेच.

गंमत अशी की ज्या गृहस्थानं हे सगळं सुरू केलं, त्याच्या पहिल्या शिबिरात गणवेशच नव्हता. रॉबर्ट बेडन-पॉवेल हे इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. पहिल्यांदा परदेशी नेमणूक झाली तेव्हा 1876 साली ते मुंबईला उतरले आणि तिथून लखनौला गेले. पुढं आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात त्यांचं नाव झालं. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली. त्यात काही बड्या शाळांमधली साहेबांची मुलं होती, काही बोर्नमथ आणि पूल या गावांतल्या साध्या कामकरी घरांतली. ती आली ती आपापल्या कपड्यांत. कोण कुठल्या संघात ते कळावं म्हणून खांद्यावर रंगीत लोकरीचे गोंडे लावले: बैलांना हिरवा, लांडग्यांना निळा, डोमकावळ्यांना लाल आणि कर्ल्यू नावाच्या लांब चोचीच्या पाणपक्ष्यांना पिवळा. एवढ्या लोकरीवर जगातली एवढी मोठी चळवळ उभी राहिली. त्या आठवड्यात 'वॉगल म्हणजे काय' असं कुणी विचारलं नाही, कारण वॉगल अजून जन्माला यायचं होतं.

पुढच्या वर्षी त्यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' निघालं आणि गणवेशही आला. तो त्यांनी मोठ्या प्रमाणात आपल्याच दक्षिण आफ्रिकेतल्या पोलीस दलाच्या पोशाखावरून घेतला होता. रुंद काठाची टोपी, साधा शर्ट, गुडघे मोकळे ठेवणारी हाफ पँट, गळ्यात रुमाल, हातात काठी. त्यामागं दोन हिशेब होते. साहेबाचा मुलगा आणि कामगाराचा मुलगा शेजारी उभे राहिले तर वेगळे दिसू नयेत, हा एक. दुसरा हिशेब असा की अंगावरच्या प्रत्येक वस्तूनं काहीतरी काम केलं पाहिजे. काठीवर फूट-इंचाच्या खुणा होत्या, तिनं ओढ्याची खोली मोजायची. टोपीनं ऊन अडवायचं, विस्तव फुलवायचा, वेळ पडली तर पाणी काढायचं. स्कार्फ त्रिकोणी, कारण मोडलेला हात गळ्यात बांधायला आणि फुटलेलं डोकं आवळायला त्रिकोणी फडकंच बरं पडतं. त्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, म्हणजे आज एक सत्कृत्य करायचं राहिलं आहे याची आठवण राहते.

आपल्याकडे स्कार्फला एकच काम आहे. ते म्हणजे मळायचं नाही.

हे मी मैदानावर डोळ्यांनी पाहिलं आहे. सातवीतलं एक पोरगं धावताना आपटलं. गुडघा सोलवटला, रक्त आलं. शेजारी अख्खं पथक विश्राममध्ये उभं होतं. प्रथमोपचाराच्या परीक्षेत डोक्याची पट्टी, हाताची झोळी, घोट्याची पट्टी असं सगळं करून दाखवलेली ही मुलं. सर ओरडले, 'अरे बघता काय, स्कार्फ काढा!' सगळ्यांचे हात गळ्याकडे गेले आणि तिथंच थांबले. शेवटी एक जण धीर करून म्हणाला, 'सर, इस्त्रीचा आहे. आई मारील.' मग कबड्डीच्या संघातल्या एका मुलानं, ज्याचा स्काउटिंगशी काही संबंध नव्हता, खिशातला मळका रुमाल काढून गुडघा बांधला. आपटलेल्या मुलानंसुद्धा रडता रडता एका हातानं आपला स्कार्फ वर धरला होता, रक्त लागू नये म्हणून.

त्या आईचीही बाजू आहे. स्कार्फला नुसती इस्त्री करून भागत नाही, तो गुंडाळावा लागतो. आदल्या रात्री तो पलंगावर उलगडून, लांब बाजू आपल्याकडे घेऊन, अळूवडीसारखा घट्ट वळत न्यायचा. पाठीवर तळहाताएवढा त्रिकोण उरला पाहिजे. जास्त उरला तर सर 'उपरणं आहे का हे?' म्हणतात, कमी उरला तर गळ्यात दोरखंड आल्याचं वाटतं. मग दोन्ही टोकं समान लोंबतील असा तो गळ्यात अडकवायचा. समान लोंबत नाहीतच. एक टोक कायम छातीवर, दुसरं बक्कलापाशी. दोन्ही ओढून सारखी करेपर्यंत पाठीमागचा त्रिकोण खांद्यावर येतो. हा सगळा व्याप कागदाच्या नळीवर गुंडाळून, वर चिमटे लावून, रात्रभर कपाटात उभा ठेवणारी घरं मला माहीत आहेत. त्या कपाटातून रात्री दुसरं काही काढायला बंदी असते.

वॉगल हे पुढचं प्रकरण. 1920 च्या दशकात लंडनजवळच्या गिलवेल पार्क या प्रशिक्षण केंद्रावर बिल शँक्ली नावाच्या माणसानं चामडी पट्टीची गाठ विणून त्याचं कडं केलं, आणि स्कार्फला गाठ मारायच्या ऐवजी ते कडं सरकवायची पद्धत पडली. शँक्लीचा हेतू चांगला होता. गाठ मारली की कापड चुरगळतं. पण गाठ हरवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. वॉगल घरातून निघतं ते शाळेत पोचेलच असं नाही. बसमध्ये ते बोटात फिरवलं जातं, मधल्या सुट्टीत त्याची नेमबाजी चालते, आणि प्रार्थनेला उभं राहिल्यावर ते नाही हे लक्षात येतं. त्याच्या जागी मी काय काय पाहिलं आहे! पडद्याची कडी, बहिणीच्या केसांचं काळं रबर, औषधाच्या बाटलीच्या झाकणाखालचं प्लॅस्टिकचं कडं, लहानपणची बांगडी. एका मुलाचे वडील नळकाम करणारे. त्यांनी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून, कानशीनं घासून, तपकिरी रंग मारून दिला. तो इतका सुबक दिसला की आठवड्यात वर्गातून मागण्या आल्या. पोरानं 'खरी कमाई'च्या दिवशी भेळेच्या आणि लिंबू सरबताच्या गाड्यांच्या रांगेत आपलं वॉगलचं दुकान मांडलं. दहा रुपयाला एक, रंगासकट. त्या उपक्रमात माल विकून पैसे उरले ते त्या एकट्याकडेच, बाकीच्यांनी आपली भेळ आपणच खाल्ली होती.

शर्ट-पँटचं शिवणकाम हा तर आपल्या समाजाचा खास प्रांत. मापं घ्यायला मूल उभं राहतं, पण शिंपी आणि आई दोघंही त्याच्याकडे बघत नसतात. ते तीन वर्षांनंतरच्या मुलाकडे बघत असतात.

'वाढत्या अंगाचा शिवा हं.'

'किती ठेवू, ताई?'

'ठेवा की चांगला. आणि शिलाईत माया सोडा भरपूर.'

अशा रीतीनं पाचवीच्या मुलासाठी आठवीचा शर्ट तयार होतो. खांद्यावरच्या पट्ट्या कोपराकडे उतरतात. छातीवरचे खिसे पोटावर येतात, म्हणजे नियमाप्रमाणे डाव्या खिशावर लावलेला सदस्यत्वाचा बॅज जेवणाच्या जागी येतो. पँट आतून चार बोटं दुमडलेली असते आणि दरवर्षी जूनमध्ये एक दुमड सोडली जाते. न विटलेलं कापड बाहेर आलं की पायाशी गडद पट्टा दिसतो. ते पट्टे मोजले की मूल कितवीत आहे हे विचारावं लागत नाही. गणवेश मापात बसतो असं एकच वर्ष येतं, साधारण सातवीचं, आणि त्या वर्षी पावसानं मैदान ओलं म्हणून स्काउटचे तास होत नाहीत.

पूर्वी हे सगळं खाकी होतं. पन्नाशीच्या पुढचे बाप अजून त्या खाकीच्या आठवणी काढतात, आणि त्यात तथ्य आहे. खाकी मळत नाही असं नाही, मळलेली कळत नाही. करड्या शर्टावर लिंबाच्या लोणच्याचा थेंबसुद्धा मुक्काम करून राहतो.

हाफ पँटबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. पाचवीतल्या मुलाला तिचं काही वाटत नाही. आठवीतला मुलगा मात्र ती घालून घराबाहेर पडत नाही, धावतो. आवाज फुटलेला, पायांवर लव आलेली, आणि समोरून क्लासची मैत्रीण. इंग्लंडमध्ये हा प्रश्न 1966 साली एका समितीनं सोडवला आणि मोठ्या मुलांना फुल पँट मिळाली. आपल्या नियमात दोन्ही चालतात, पण शाळा म्हणते 'एकसारखं दिसलं पाहिजे', आणि एकसारखं म्हणजे स्वस्तातलं, म्हणजे आखूड. महाराष्ट्रात हाफ पँटचा विषय निघाला की तो स्काउटपुरता राहत नाही, म्हणून इथंच थांबतो.

टोपीकडे वळू. बॅज डाव्या डोळ्याच्या वर, बेरेट उजवीकडे कललेली, हे शास्त्र. नवी बेरेट मात्र डोक्यावर बसत नाही, नुसती थांबते. ती ओली करून उपड्या पातेल्यावर वाळत घाला, असं जाणकार सांगतात. तसं केलं की ती पातेल्याला फिट बसते.

डोक्याला काय घालायचं हा वाद आपल्याकडे बेरेटच्या पुष्कळ आधीचा आहे. 1909 साली बंगळुरात पहिलं पथक निघालं ते साहेबांच्या मुलांसाठी. हिंदी मुलांना त्यात घेत नसत. नकाशा वाचणं, खाणाखुणा करणं, रात्री माग काढणं असल्या गोष्टी हिंदी मुलांना शिकवल्या तर ती कुणाचा माग काढतील, याची सरकारला धास्ती होती. मग इथल्या लोकांनी आपापल्या चुली मांडल्या. अलाहाबादेत पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी, आपल्या नागपूरकडे व्हिव्हियन बोस, जे पुढं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि मद्रासेत अॅनी बेझंट व अरुंडेल. बेझंटबाईंनी साहेबी टोपी काढून टाकली आणि आपल्या स्काउटांना पगडी दिली. देशाभिमान होताच, शिवाय पगडीत एक मोठी सोय होती: मापाची लागत नाही. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला या चुली एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली, पुढच्या वर्षी गाइडवाल्याही त्यात आल्या. पगडी गेली ती गेलीच. पातेलं आलं.

मुलींचा इतिहास जास्त रोखठोक आहे. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर स्काउटांचा मेळावा भरला, तिथं काही मुली न विचारता टोप्या घालून, गळ्यात स्कार्फ बांधून हजर झाल्या. आम्हालाही घ्या, म्हणाल्या. आधी गणवेश, मग परवानगी. पुढच्या वर्षी बेडन-पॉवेलनी त्यांना वेगळी संघटना आणि देखरेखीला आपली बहीण अॅग्नेस दिली. आजही गाइडच्या मुली तयारीत मुलांपेक्षा पुढं असतात, पण माझ्या मते त्यांचं प्रेम गणवेशाच्या वेगळ्याच अंगावर आहे. त्याला खिसे असतात! मुलींच्या कपाटात खरे, आत हात जाणारे खिसे असलेला हा बहुधा एकच कपडा. एका मुलीच्या खिशांतून तपासणीत निघालेला ऐवज असा: शिट्टी, चिंचेच्या गोळ्या, बसचा पास, दोन मैत्रिणींचे बसचे पास, आणि स्काउटच्या मुलाचं हरवलेलं वॉगल.

आणि त्यांच्या बाई! गाइडच्या बाई साडीत असल्या तरी स्कार्फ चुकत नाही. पदराला पिन, पदरावर स्कार्फ, स्कार्फवर वॉगल, त्याखाली मंगळसूत्र, त्यातून वाट काढत शिट्टीची दोरी. शिट्टी वाजवायला उचलली की यातलं काहीतरी सोबत उचललं जातं. तरी मुलांच्या दोन ओळी सरळ होईपर्यंत त्यांची निरी हललेली नसते.

स्काउटच्या सरांच्या गळ्यात चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी दिसतात. पालकसभेत त्यावर दबक्या आवाजात चर्चा होते. कुणाला ते रक्तदाबावरचं वाटतं, कुणाला सरांच्या पत्रिकेत काही निघालं असावं असं. प्रत्यक्षात तो वुड बॅज. बेडन-पॉवेलनी आफ्रिकेतून आणलेल्या एका माळेतले मणी 1919 साली गिलवेलच्या पहिल्या प्रशिक्षणार्थींना दिले, तेव्हापासून मोठं प्रशिक्षण पुरं करणाऱ्याला असे मणी मिळतात. आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. शिबिरात चुलीच्या धुरात रात्री काढल्याशिवाय तो मिळत नाही. पण एका आजोबांनी सरांना कोपऱ्यात घेऊन 'फरक पडला का?' विचारलं ते विचारलंच. सर सभ्य. म्हणाले, 'थोडा.'

बॅज शिवणं हे रात्रीचं काम. परीक्षा देऊन बॅज मूल मिळवतं, तो टिकवायची जबाबदारी घरच्यांची. वडील असतील तर ते झटपट चिकटणारा डिंक काढतात. त्यानं बॅज पहिल्या धुण्यापर्यंत शर्टाला आणि वडिलांच्या अंगठ्याला सारखाच चिकटून राहतो. आई असेल तर ती झोपेच्या डोळ्यांनी पक्के टाके घालते, इतके पक्के की सुई खिशाच्या दोन्ही पदरांतून जाते. सकाळी बॅज सरळ, मधोमध, झकास. खिसा मात्र कायमचा बंद. त्यात आदल्या दिवशीचे पाच रुपये असतील तर तेही आत. पोरगं वर्षभर छातीवर हात आपटून ते नाणं वाजवून दाखवतं. आणि संस्थेचं ब्रीद विचाराल, तर 'तयार!' एवढं एकच. ते मूल दारात उभं राहून ओरडतं तेव्हा आत आई मोज्याचा दुसरा पाय शोधत असते.

हे सगळं ज्यांनी स्काउटमध्ये नाव घातलं त्यांचं दुखणं होतं. 2024-25 साली मात्र महाराष्ट्र सरकारनं ते सर्वांना वाटून द्यायचं ठरवलं. योजनेचं नाव 'एक राज्य, एक गणवेश'. सरकारी आणि जिल्हा परिषद-पालिकांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश: एक नेहमीचा, सोमवार-बुधवार-शुक्रवारसाठी, आणि दुसरा स्काउट-गाइडचा, मंगळवार-गुरुवार-शनिवारसाठी. शर्टाला दोन खिसे आणि खांद्यावर पट्टी हवी, हेसुद्धा कागदावर आलं. दुसऱ्या गणवेशाचं कापड सरकार देणार, शिवून शाळेनं घ्यायचं. शिलाईला 100 रुपये आणि वरखर्चाला 10.

हा आकडा घेऊन आमच्या ओळखीतले एक मुख्याध्यापक गावच्या शिंप्याकडे गेले. शिंप्यानं कागद दोनदा वाचला.

'शंभरात काय काय, गुरुजी?'

'शर्ट आणि पँट.'

'खांद्यावरच्या पट्ट्या?'

'धरून.'

'खिसे?'

'दोन.'

शिंप्यानं चष्मा काढला. 'आत हात जाणारे पाहिजेत का?'

शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, पुष्कळ ठिकाणी 15 ऑगस्टचं झेंडावंदनही जुन्याच गणवेशात उरकलं. कुठं कापड आलं आणि शिंपी मिळेना, कुठं शिवून आलं आणि अंगाला मिळेना. पहिलीच्या मुलाला चौथीचा आल्यावर आया काही बोलल्या नाहीत, त्यांनी तो घडी करून ठेवला. आठवीतल्याला सहावीचा आला तिथं मात्र बोलल्या. डिसेंबरात सरकारनं गणवेशाचं काम पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. बेडन-पॉवेलच्या बेटावर स्काउट होते आणि गणवेश नव्हता. आपण एक वर्ष उलटीकडून करून पाहिलं.

तरीही जिल्हा मेळाव्याला गेलात तर या अपुऱ्या गणवेशाचं खरं मोल कळेल. थंडीचे दिवस, मैदानात तंबूंच्या रांगा. प्रत्येक तंबूपुढं काठ्या आणि दोऱ्या बांधून केलेली गॅजेट्स: चपलांचं स्टँड, भांड्यांची मांडणी, टॉवेल वाळत घालायची तिकाटी. सकाळी आठला तपासणी, आणि तपासणीत गणवेशाला वेगळे गुण.

अशाच एका मेळाव्यात आठवीच्या आठ जणांच्या एका संघानं आदल्या रात्री शेकोटीहून आल्यावर हिशेब मांडला. आठ डोकी, पाच टोप्या. आठ गळे, चार वॉगलं. पट्टे सहा, त्यातलं एक बक्कल सुतळीनं बांधलेलं. घरी फोन करून उपयोग नव्हता, घर साठ किलोमीटरवर. मग त्यांच्यातलं एक अबोल पोरगं उठलं. सगळ्या गाठी त्याला येत होत्या, पण परीक्षेशिवाय कुणी त्याला विचारत नसे. त्यानं गॅजेटसाठी आणलेली उरलेली दोरी घेतली आणि टॉर्चच्या उजेडात, दोन बोटांभोवती वेढे घेत, कडी विणायला बसला. शँक्लीचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. मध्यरात्रीपर्यंत चार वॉगलं तयार. पट्ट्यांवर तोडगा म्हणून कडेच्या दोघांनी शर्ट जरा सैल सोडायचा ठरला. राहिल्या टोप्या. त्यावर संघनायकानं योजना सांगितली, आणि त्याच रात्री तिची रंगीत तालीमही झाली.

सकाळी संघ तंबूपुढं एका ओळीत उभा राहिला. तपासनीस म्हणजे निवृत्तीला आलेले एक मास्तर, हातात वही. ते डावीकडून एकेकाला न्याहाळत पुढं सरकायचे. ज्याची तपासणी झाली त्याची टोपी, मास्तर पुढच्याकडे वळले की, पाठीमागून हातोहात उजवीकडे निघायची. कुणाचं ढोपर हललं नाही, कुणाची नजर ढळली नाही. सावधान म्हणजे काय ते त्या ओळीकडून शिकावं. दोरीची वॉगलं पाहून मास्तर थबकले, एक हातात घेऊन उलटसुलट फिरवलं, काही न बोलता परत दिलं. सहावा झाला, सातवा झाला. आठव्यापाशी ते जरा जास्त वेळ थांबले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावरची बेरेट उचलली आणि आत पाहिलं. आतल्या पट्टीवर मार्करनं ठळक आकडा घातलेला होता.

'रोल नंबर काय रे तुझा?'

'31, सर.'

'आणि टोपीचा?'

पोरानं आवंढा गिळला. स्काउटचा शब्द विश्वसनीय असतो, हे त्याला नियमातलं पहिलं कलम म्हणून पाठ होतं.

'14, सर.'

मास्तरांनी बेरेट त्याच्या डोक्यावर परत ठेवली, बॅज डाव्या डोळ्यावर येईल अशी फिरवली, उजवीकडून खाली दाबली आणि वहीत लिहिलं: गणवेश, दहापैकी सहा. संघकार्य, दहापैकी दहा.